कंबरेचा एमआरआय: पाकीट उघडल्यावर काय बघायचं

कंबरेच्या एमआरआयचं पाकीट हातात पडलं की बहुतेक जण आधी रिपोर्टचं शेवटचं पान काढतात. ‘इम्प्रेशन’खालच्या चार ओळी मोबाइलवर शोधतात आणि रिक्षा घरी पोचेपर्यंत ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब सुरू झालेला असतो. असे रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम, म्हणून सांगते: त्या ओळी खोट्या नसतात, पण नुसत्या त्या वाचून काहीच ठरत नाही. फिल्मवर दिसणारी गादी (दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे डिस्क) आणि पायात उतरणारी कळ एकाच नसेची आहे का, हे ताडून बघावं लागतं. ते कसं बघायचं, ते इथे क्रमाने देते.

एमआरआय काढायचाच का?

कंबर धरली, वाकता येत नाही, पण ताप नाही, पायात ताकद आहे, लघवी-शौच नेहमीसारखी आहे. अशा दुखण्याला पहिले सहा आठवडे एमआरआय लागत नाही. बहुतेकांचं दुखणं तोवर कमी होतं आणि लवकर काढलेल्या फोटोने उपचार बदलत नाहीत. उलट फोटोत काहीतरी निघतंच. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांत गादी पुढे आलेली होती. सगळ्या गाद्या ठीक असलेले ३६ टक्केच निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा तीन हजारांवर माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के माणसांत गाद्यांची झीज होती. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ लिहिलेलं नसेल, तर मीच एकदा नाव-वय तपासून घेते.

थांबायचं नाही ते केव्हा? पायातली ताकद कमी होत चालली असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असेल, पडून-आपटून दुखणं सुरू झालं असेल, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असतील, किंवा आडवं पडूनही रात्री दुखायचं थांबत नसेल, तेव्हा. लघवीची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे खाली येते. आणि कळ पायात उतरतेय, सहा आठवडे औषध-व्यायाम करूनही ऐकत नाही आणि आता इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार आहे, तर तेव्हा एमआरआय हवाच.

एक्सरे आधी काढायला सांगतात, त्यालाही अर्थ आहे. मात्र एक्सऱ्यात हाड दिसतं. गादी आणि नस दिसत नाही. दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली कळते, एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलाय का ते कळतं. पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्सरे या घसरणीसाठी एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण एमआरआय आपण आडवं पडून काढतो. सीटी स्कॅन हाडासाठी उत्तम, आणि ज्यांना एमआरआय चालत नाही त्यांच्यासाठी.

मशीनमध्ये जाण्याआधी

एमआरआयचं चुंबक बटण दाबल्यावर सुरू होत नाही, ते चोवीस तास चालू असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि नातेवाईक असलेल्या तरुणाचा जीव गेला. त्यामुळे दारावरचा माणूस खिसे उलटे करायला लावतो तेव्हा चिडू नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि त्याचं कार्ड सोबत ठेवा. काही नवे पेसमेकर चालतात, पण ते ठरवायला कार्ड लागतं. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, ते आठवून सांगावं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर तेही आधीच सांगायचं.

आता दागिने. सोनं-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण तापू शकते आणि फोटो बिघडवते. मंगळसूत्र काढायला बायका नाखूश असतात, ते मी समजू शकते, पण काढावं लागतं. जोडवी, नथ, साडीची पिन, केसांतल्या पिनाही. पुरुषांत सगळ्यात जास्त विसरला जातो तो चांदीचा करदोटा. नेमका कंबरेवरच बसतो आणि जिथे बघायचंय तिथेच काळा डाग पाडतो.

आत साधारण वीस ते तीस मिनिटं जातात. आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या. सरळ झोपवत नसेल तर गुडघ्यांखाली उशी देतात. दुखणं जास्त असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून वेदनाशामक आधी घ्या, कारण हललं की सगळं पुन्हा. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आत जाण्याआधीच डोळ्यांवर रुमाल ठेवावा, मध्येच डोळे उघडले की घाबरायला होतं. साध्या गादीच्या तपासणीला शिरेतून रंगाचं इंजेक्शन लागत नाही.

फिल्म उजेडाला धरा

फिल्मवर दोन प्रकारचे काप असतात. शेवग्याची शेंग उभी चिरली तर एका रांगेत सगळ्या बिया दिसतात, आडवे तुकडे केले तर एका बीभोवतीचा गर दिसतो. उभ्या कापात मणक्यांची सगळी रांग दिसते, पोट तुमच्या डाव्या हाताला आणि पाठ उजवीकडे. आडव्या कापात एकेक गादी दिसते, पोट वर आणि पाठ खाली. आडवा काप पायाकडून बघितल्यासारखा छापतात, म्हणून फिल्मची डावी बाजू म्हणजे पेशंटची उजवी. या एका गोष्टीवरून घराघरांत गोंधळ होतो. कडेला आर किंवा एल छापलेलं असतं, ते आधी शोधा.

मग उभ्या कापांतले दोन संच ओळखा. पाठीच्या कण्यातून जाणारी पाण्याची पिशवी पांढरीशुभ्र दिसते तो टी-२. तीच काळी दिसते तो टी-१. आपलं काम मुख्यतः टी-२ वर. त्यात तरुण गादी मध्यभागी उजळ असते, कारण तिच्या गाभ्यात पाणी भरपूर असतं. वय आणि झिजेबरोबर पाणी कमी होतं आणि गादी काळपट पडते. रिपोर्टात यालाच ‘डिस्क डेसिकेशन’ म्हणतात. काळी गादी म्हणजे सडलेली गादी नव्हे.

आता मजले मोजा. खालून सुरुवात करा. एकमेकांना जोडलेल्या, मागे वळत जाणाऱ्या हाडांची रांग म्हणजे माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग, त्याचा पहिला तुकडा एस१. त्याच्यावर कंबरेचे पाच मणके, वरून खाली एल१ ते एल५, आणि दोन मणक्यांमधल्या गादीला त्या दोघांचं नाव. म्हणजे एस१ वरची गादी एल५-एस१, तिच्यावरची एल४-एल५. गादी घसरण्याच्या दहापैकी नऊ केसेस या दोन मजल्यांवर असतात, म्हणून बाकी मजल्यांवर फार वेळ घालवू नका. काही जणांत मात्र पाचवा मणका खालच्या हाडाला जुळलेला असतो, किंवा एस१ सुटा असतो. रिपोर्टात ‘सॅक्रलायझेशन’ किंवा ‘लंबरायझेशन’ लिहिलं असेल तर सर्जनला ते आवर्जून दाखवा. मजला मोजण्यात चूक झाली तर ऑपरेशन भलत्याच गादीचं होऊ शकतं. बहुतेक ठिकाणी पूर्ण पाठीचा एक झटपट उभा फोटोही काढून देतात, तो मानेपासून मजले मोजायलाच उपयोगी पडतो.

आडव्या कापात एल४-एल५ शोधा. मधोमध पांढरी पिशवी आणि तिच्यात काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे पायांकडे निघालेल्या नसा. खरा मज्जारज्जू एल१-एल२ च्या आसपासच संपतो, खाली नुसत्या नसा लोंबत असतात. पिशवीच्या वर करडी-काळी गादी, खाली दोन्हीकडून तिरके येणारे जाड काळे पट्टे, आणि दोन कोपऱ्यांत मणक्याचे मागचे सांधे. निरोगी कापात गादीची मागची कड सरळ किंवा किंचित आत गेलेली असते, ठिपके सुटे-सुटे मोजता येतात. बिघडलेल्या कापात एका बाजूने काळा उंचवटा पिशवीत घुसलेला दिसतो आणि त्या कोपऱ्यातला ठिपका दिसेनासा होतो. एवढं तुम्हाला दिसलं, तर रिपोर्ट वाचायला तुम्ही तयार आहात.

बल्ज, प्रोट्रूजन, एक्सट्रूजन

गादी मणक्यांच्या कडेबाहेर आली, पण परिघाच्या चौथाईहून जास्त भागात पसरून, तर तो बल्ज. तिला हर्निएशन म्हणतच नाहीत. चौथाईहून कमी भागात, एकाच ठिकाणी बाहेर आली तर हर्निएशन. त्यातही बाहेर आलेल्या भागाचा पाया रुंद आणि टोक अरुंद असेल तर प्रोट्रूजन, पाया चिंचोळा आणि पुढचा भाग त्याहून मोठा असेल तर एक्सट्रूजन. तुकडा गादीपासून सुटून कॅनालमध्ये, म्हणजे नसांची पिशवी असते त्या मणक्यांच्या पोकळीत, पडला असेल तर सिक्वेस्ट्रेशन. ही भाषा सगळ्यांनी सारखी वापरावी म्हणून २०१४ मध्ये तिचे नियम सुधारून ठरवले गेले, तरी ‘प्रोलॅप्स’, ‘हर्निएटेड बल्ज’ असे मोघम शब्द लिहिणारे अजून आहेत. असं काही दिसलं तर विचारा.

ऐकायला वाईट वाटणारा प्रकार बऱ्याचदा लवकर विरघळतो, हे लोकांना पटत नाही. सुटलेल्या तुकड्याला शरीर परकं समजतं आणि खाऊन टाकतं. २०१५ च्या एका आढाव्यात पुन्हा एमआरआय काढल्यावर सुटे तुकडे ९६ टक्के जणांत, एक्सट्रूजन ७० टक्क्यांत आणि प्रोट्रूजन ४१ टक्क्यांत आक्रसलेलं दिसलं. नुसता बल्ज मात्र १३ टक्क्यांतच. पायात ताकद टिकून असेल तर सर्जन ‘थोडं थांबू’ म्हणतो, त्यामागे हे कारण असतं. तो टाळाटाळ करत नसतो.

नंतर जागेचा शब्द बघा. सेंट्रल म्हणजे मधोमध. पॅरासेन्ट्रल म्हणजे मधल्या रेषेच्या जरा बाजूला, सगळ्यात जास्त आढळणारा. फोरामिनल म्हणजे नस बाहेर पडते त्या भोकात. त्याहूनही बाहेर असेल तर एक्स्ट्राफोरामिनल, आणि हा प्रकार घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

शेवटी क्रियापद. ‘इंडेंटिंग द थिकल सॅक’ म्हणजे पिशवीला नुसता जरासा खळगा पाडलाय, फार मनावर घेऊ नका. ‘अबटिंग’ म्हणजे नसेला चिकटलाय. ‘डिस्प्लेसिंग’ आणि ‘कम्प्रेसिंग’ म्हणजे नस सरकली किंवा दबली. रिपोर्टातलं हे क्रियापद मी सगळ्यात जपून लिहिते, आणि वाचणारे नेमके तेच गाळून पुढे जातात.

कॅनाल अरुंद होणं

गादी घसरते ती बहुधा तिशी-चाळिशीत. कॅनाल अरुंद होण्याचा त्रास साठीच्या पुढचा, आणि त्यात दोष एकट्या गादीचा नसतो. पुढून फुगलेली गादी, मागून जाड झालेलं लिगामेंटम फ्लेव्हम (आडव्या कापातले ते तिरके काळे पट्टे), बाजूने वाढलेले सांधे, अशा तिन्ही बाजूंनी जागा कमी होते. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जननी घसरलेली गादी नसेला दाबते हे दाखवून दिलं, त्याआधी असे तुकडे गाठ समजून काढले जात. कॅनालच्या अरुंदपणाचं चित्र त्यानंतर वीस वर्षांनी, १९५४ मध्ये, नेदरलँड्सचे सर्जन व्हर्बीस्ट यांनी स्पष्ट केलं.

आपल्याकडच्या रिपोर्टात बहुधा शेवटी एक तक्ता असतो: प्रत्येक मजल्यावरची कॅनालची पुढून-मागची रुंदी मिलिमीटरमध्ये. १० च्या खाली म्हणजे निश्चित अरुंद, १० ते १२ म्हणजे काठावर. पण मला विचाराल तर या आकड्यापेक्षा आडवा काप जास्त खरं सांगतो. पिशवीत पांढरं पाणी दिसतंय आणि ठिपके सुटे आहेत, तर आकडा ९ असला तरी जागा शिल्लक आहे. ठिपके दाटीने भरलेत पण ओळखता येतात, तर मध्यम. सगळा एकच करडा गोळा झालाय, पाण्याचा थेंब नाही, तर गंभीर. २०१० पासून वापरात असलेली ए ते डी अशी शिझास श्रेणी याच निरीक्षणावर बेतलेली आहे. रिपोर्टात ती असेल तर आकड्याआधी ती वाचा.

या आजाराची चाल ओळखीची असते. माणूस थोडं चालला की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. सायकल चालवता येते, बाजारापर्यंत चालवत नाही. कारण पुढे वाकल्यावर कॅनाल थोडा उघडतो. एमआरआय झोपून काढलेला असल्यामुळे उभं राहिल्यावरचा अरुंदपणा त्यात कमीच दिसतो. आणि चालताना दुखणारे पाय नुसतं थांबून, ताठ उभं राहिल्यावरच मोकळे होत असतील, तर मणक्याआधी पायांच्या रक्तवाहिन्या तपासा.

आता ताडून बघा

एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘एल४-एल५: लेफ्ट पॅरासेन्ट्रल प्रोट्रूजन कम्प्रेसिंग लेफ्ट ट्रॅव्हर्सिंग एल५ नर्व्ह रूट’. गादी एल४-एल५ ची आणि दबली एल५ नस, कारण एल४ नस त्या गादीच्या वरूनच भोकातून बाहेर पडलेली असते. पॅरासेन्ट्रल तुकडा खालच्या मजल्याकडे निघालेल्या नसेला गाठतो. हाच तुकडा फोरामिनल असता तर एल४ दबली असती. तसंच एल५-एस१ चा पॅरासेन्ट्रल तुकडा एस१ ला दाबतो.

एल५ ची कळ नितंबातून मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्यापर्यंत जाते. अंगठा वर उचलायला जड जातो, टाचांवर चालता येत नाही. एस१ ची कळ मांडी-पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे येते. चवड्यांवर चालताना तो पाय बसतो. एल४ ची कळ मांडीच्या पुढून गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला येते, जिना चढताना गुडघा लटपटतो.

एका कागदावर पायाचं चित्र काढा, कळ कुठून कुठे जाते ती रेघ मारा, बधिर जागा टिपक्यांनी भरा. बाजू जुळली, नस जुळली, तर फिल्मवरचं कारण खरं असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टात डावी नस आणि दुखतोय उजवा पाय, तर त्या तुकड्याला सध्या बाजूला ठेवा. तिन्ही मजल्यांवर बल्ज लिहिलेला असेल तर हे चित्रच सांगतं की कोणता मजला कामाचा. आणि चित्रात दोन्ही तळव्यांची आग असेल, मधुमेह जुना असेल, तर बिचाऱ्या गादीवर खापर फोडण्याआधी साखरेकडे बघा. जांघेत दुखत असेल तर खुब्याचा सांधा तपासून घ्या.

उगाच घाबरवणारे शब्द

‘लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस’: कंबरेचा बाक सरळ झालाय. स्नायू आखडलेत, किंवा तुम्ही तसे झोपला होतात. ‘हेमँजिओमा’: मणक्याच्या हाडातला रक्तवाहिन्यांचा पुंजका, बहुतेक वेळा आयुष्यभर निरुपद्रवी. ‘श्मॉर्ल्स नोड’: गादीने मणक्याच्या पृष्ठभागात पाडलेला खळगा. ‘टार्लोव्ह सिस्ट’: नसेच्या मुळाशी पाण्याची छोटी पिशवी, सहसा दुर्लक्ष करण्याजोगी. ‘ॲन्युलर टिअर’: गादीच्या बाहेरच्या कड्यातली चीर, न दुखणाऱ्या माणसांतही सापडते.

‘मोडिक टाइप १’ हा शब्द असेल तर मात्र एकदा नीट विचारा. गादीला लागून असलेल्या हाडात सूज आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण सुरुवातीच्या जंतुसंसर्गात हाड जवळजवळ असंच दिसतं. ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन सोबत असेल, किंवा रिपोर्टात ‘स्पॉन्डिलोडिस्कायटिस’ (मणका-गादीचा जंतुसंसर्ग), ‘पॅराव्हर्टिब्रल कलेक्शन’ (मणक्याशेजारी साठलेला पू किंवा पाणी), ‘सोअस ॲब्सेस’ (कण्याशेजारच्या स्नायूतला पू) यांपैकी काही असेल, तर मणक्याच्या टीबीचा विचार आपल्या देशात करावाच लागतो. त्याचं निदान पू किंवा हाडाचा तुकडा तपासून पक्कं करतात आणि औषधं बरेच महिने चालतात. मालिश, ओढून बसवणं, मणका कडकन वाजवणं यातलं काहीही अशा पाठीवर होऊ देऊ नका.

त्याच दिवशी इस्पितळात

लघवी तुंबली किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि गुदाभोवतीची जागा बधिर झाली, दोन्ही पाय एकदम लुळे पडायला लागले. यांपैकी काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पिशवीतल्या सगळ्याच नसा एकदम दबल्याची ही खूण आहे आणि त्यात तासांनी फरक पडतो. तुमच्या रिपोर्टात आधी काय लिहिलं होतं, याला तेव्हा काही अर्थ नसतो. नवा एमआरआय लागतो. बायका ‘तिथे बधिर झालंय’ हे संकोचाने सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनी सरळ विचारावं.

डॉक्टरांकडे जाताना

फिल्म, रिपोर्ट आणि सीडी तिन्ही न्या. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात, सीडीत सगळे असतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर सर्जनला सीडीच हवी असते. सेंटरवरून पेन ड्राइव्ह किंवा लिंक मिळत असेल तर तीही घेऊन ठेवा. सोबत मघाचं पायाचं चित्र. प्रश्न मोजके विचारा: माझी कळ या मजल्याशी जुळते का, पायातली ताकद तपासली का, थांबलो तर काय बिघडू शकतं.

दुखणं कमी होत असेल तर ‘गादी आत गेली का’ हे बघायला पुन्हा एमआरआय काढू नका. पुन्हा काढायचा तो त्रास बदलला तर, ताकद घटली तर, किंवा ऑपरेशनची तारीख ठरली आणि हातातली फिल्म जुनी असेल तर. ऑपरेशननंतर कळ परत आली तर मात्र साधा एमआरआय पुरत नाही. जखम भरून आलेली ऊती आणि पुन्हा आलेली गादी सारखीच दिसते, म्हणून गॅडोलिनियमचं, म्हणजे शिरेतून द्यायचं ते रंगाचं, इंजेक्शन देतात. ऊती उजळते, गादी काळीच राहते. या इंजेक्शनआधी बहुधा किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट मागतात. तो अलीकडचा काढलेला असेल तर सोबत न्या, म्हणजे अपॉइंटमेंटची फेरी फुकट जात नाही.